उत्तरं अजून येत आहेत

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

संशोधनाबद्दल फोनवर माझ्याशी एक अक्षर बोलणार नाही असं तू जाहीर केलंस, म्हणून हे पत्र. "प्रश्न तू विचारतेस, उत्तरही तूच देतेस आणि वर रुसतेस माझ्यावर," असं म्हणालीस ना? बरं बाई. आता लिहून विचारते, म्हणजे तुला मध्ये तोडायची सोयच नाही मला.

माझा प्रबंध संपत आलाय. आईसारख्या ज्या बायकांनी गिरणीत, मागांच्या शेडमध्ये आयुष्य काढलं, त्या तिथल्या गोंगाटात हातांनी बोलायला शिकल्या आणि ते बोलणं घरी घेऊन आल्या. मुलांना रागवायचं हातांनी, निजवायचं हातांनी, नवऱ्याशी भांडायचं तेही हातांनी. अशा घरांत जाऊन जाऊन माझ्या चपला झिजल्या. सगळं लिहून झालंय, अडलंय फक्त एका वाक्याशी. पहिल्या प्रकरणात लिहायचंय, "या विषयावर यापूर्वी कुणीही काम केलेलं नाही." सर म्हणतात, हे वाक्य म्हणजे प्रबंधाचा पाया. आणि ते लिहायला बसले की मी पेन पुन्हा खाली ठेवते. कुणी केलं असेल तर? व्हायवाच्या दिवशी कुणी एक जुनं पुस्तक माझ्यासमोर टेबलावर आपटलं तर? माझा पहिला विषय असाच पाण्यात गेला होता. मी लिहीत राहिले आणि तोच विषय दुसऱ्याच्या नावानं छापून आला. तेव्हा महिनाभर मी अंथरुणातून उठले नव्हते, तूच येऊन राहिली होतीस. पुन्हा ते मला झेपायचं नाही.

तुमच्या ग्रंथालयाच्या वेबसाइटवर ती शोधाची चौकट आहे ना, एकदा शब्द टाकला की कितीतरी ग्रंथालयांचे कॅटलॉग आणि डेटाबेस एकदम धुंडाळते ती? तिच्यात मी सकाळ-दुपार शोधते. काही सापडत नाही. सापडत नाही म्हणून बरं वाटतं, आणि बरं वाटलं की भीती वाटते. तू एकदा तिथल्या मशीनवर बसून नीट शोध ना. तू शोधलंस आणि नाही म्हणालीस, तर मी ते वाक्य लिहीन.

आईला माझ्याकडून हात कर. त्याचा अर्थ तिला माहीत आहे.

तुझी भिंगरी

१० फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आईंनी आधी वाचलं. चष्मा पुसून, सावकाश. मग माझ्याकडे बघून पंजा पालथा केला आणि हवेत दोनदा खाली दाबला. शेडमधली खूण, माग थांबव! हा निरोप तुला आहे, असं समजून घे.

शोधते गं. नाही कशाला म्हणेन? पण आधी एक सांग, शोधताना तू नक्की काय करतेस? गेल्या सुट्टीत इथे माझ्या शेजारी बसली होतीस ते आठवतंय मला. शब्द टाकलास, बटण दाबलंस, वर चार नोंदी आल्या की लगेच शब्द बदललास, पुन्हा दाबलंस. मी चहाचा कप उचलून खाली ठेवेपर्यंत तुझं चारदा दाबून झालं होतं. ती चौकट म्हणजे काय जादूची पेटी आहे का? ती बिचारी प्रत्येक ग्रंथालयाचं दार एकाच वेळी वाजवते. मोठी ग्रंथालयं चटकन उत्तर देतात. काही लहान आहेत, त्यांची मशीन जुनी, ती सवडीनं उठतात, दार उघडतात, मग बोलतात. पानाच्या तळाशी फिकट अक्षरांत एक ओळ येते, "उत्तरं अजून येत आहेत." ती ओळ जाईपर्यंत बसायचं असतं. मध्येच पुन्हा दाबलंस की सगळी दारं पहिल्यापासून वाजवायला लागतात.

तेव्हा एकदा दाब आणि थांब. जमेल?

तुझा दादा सायकल चालवून वजन कमी करणार आहे. सायकल आणली आहे. सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात.

तुझी वहिनी

१६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

थांबते गं मी, थांबत नाही असं काही नाही! फिकट अक्षरांची ओळ मला कधी दिसली नाही, पण आज मुद्दाम बघीन म्हटलं आणि तेवढ्यात सरांचा फोन आला. मार्चअखेर प्रबंध जमा झाला नाही तर पुढच्या सत्रावर जाईल म्हणाले. पुढच्या सत्रात सर निवृत्त. मग नवे गाइड, नवी तोंडं, पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावत बसा. कॉलेजातली रजाही तेव्हा संपलेली असेल, म्हणजे दिवसभर तास आणि संध्याकाळी प्रबंध. माझं काय होईल सांग तू.

घरात पाय टिकत नाही. काल खिडकीपासून दारापर्यंत इतक्या चकरा मारल्या, की खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, काही हरवलंय का? मी म्हटलं, नाही, काही सापडू नये म्हणून फिरतेय. त्या जरा घाबरूनच खाली गेल्या.

"हातवारे" टाकून झालं, "खुणा" झालं, "गोंगाट" झालं, "कामगार स्त्रिया" झालं. काही नाही, काही नाही! मी ते वाक्य पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. तुझं पत्र आलं की त्यावर शाई. लवकर लिही, माझा जीव टांगणीला लागलाय.

भिंगरी

२८ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. गच्चीवरची टाकी फुटून वाचनकक्षाचं छत गळत होतं, त्यात पुस्तकं हलवायची होती. मग पडदे बदलले. नवे पडदे निळे आहेत, उजेड चांगला येतो.

तू जेवतेस ना वेळेवर? झोप नीट लागते का? प्रबंध काय, आज ना उद्या होतोच. प्रकृती महत्त्वाची. दादा म्हणतो, ताण घेऊ नकोस.

शोधाचं बघतेय. इतक्यात शाई लावू नकोस, पेन्सिलच राहू दे.

आई ठीक आहेत.

तुझी वहिनी

४ मार्च

वहिनी,

हे काय पत्र झालं? पडदे? तू मला पडद्यांबद्दल लिहिलंस? लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुझी पत्रं वाचतेय मी. आईचा विषय निघाला की तू अर्धं पान लिहितेस. आईनं कुणाला झापलं, आईनं खिडकीतून हातानंच भाजीवाल्याशी कशी घासाघीस केली. आणि या वेळी काय? "आई ठीक आहेत." तीन शब्द! आणि त्याच्या आधी प्रकृती महत्त्वाची म्हणे.

काय झालंय तिला? खरं सांग.

मी न राहवून फोन केला. दादानं उचलला आणि म्हणाला, "अगं बाळा, सगळं छान आहे, तू तुझं काम कर." बाळा? दादानं जन्मात मला बाळा म्हटलेलं नाही. गधडे म्हणतो तो. आईला दे म्हटलं तर म्हणाला, तिला फोनवर ऐकू येत नाही. ते मला माहीत आहे, पण नुसता तिचा आवाज तरी ऐकव म्हटलं, तर कुणीतरी आलंय म्हणून ठेवून दिला.

तुम्ही दोघं मिळून मला लहान समजताय. प्रबंध जमा होईपर्यंत सांगायचं नाही असं ठरलंय ना तुमचं? चुलीत गेला तो प्रबंध. मी बॅग भरली आहे. येत्या रविवारी निघतेय. तोवर तिला काही झालं, तर मी तुम्हा दोघांना कधी माफ करणार नाही.

भिंगरी

७ मार्च

भिंगरी,

हे पत्र माणसाच्या हाती पाठवतेय, म्हणजे तू निघायच्या आत मिळेल. बॅग रिकामी कर. आई ठणठणीत आहेत. आत्ता माझ्यासमोर बसून दादाच्या सायकलीवरचे टॉवेल काढताहेत आणि हातांनी त्याचा उद्धार करताहेत. शपथ घेऊन सांगते, त्यांना साधी सर्दीही नाही.

लपवलं ते दुसरंच. एवढा वेळ लपवलं ते चुकलंच. आता ऐक.

तुझे शब्द टाकून मी बटण दाबलं आणि छत गळतंय म्हणून हाक आली, तशीच उठून वर गेले. बादल्या लावून, पुस्तकं हलवून परत यायला बराच वेळ गेला. येऊन बघते तर तळाची फिकट ओळ गेलेली, आणि सगळ्यात शेवटी एक नोंद आलेली. एका कामगार प्रशिक्षण संस्थेच्या छोट्या ग्रंथालयातली. "मागांच्या शेडमधील स्त्रियांची हातांची भाषा." खूप वर्षांपूर्वीचा, एका विद्यार्थिनीचा टंकलिखित प्रबंध. छापलेला नाही, कुणी उल्लेख केलेला नाही. गिरणी आपल्या आईंचीच.

मी नोंद कागदावर उतरवून घेतली. दादाला सांगितलं. तो म्हणाला, "जमा होऊ दे आधी, कोण बघणार आहे? तिचं मागच्या वेळी काय झालं होतं विसरलीस?" विसरले नाही. म्हणून गप्प बसले आणि तुला पडद्यांबद्दल लिहिलं. पण भिंगरी, रोज येणाऱ्या पोरांना मी शिकवते, की जे सापडलं ते सापडलं, आपल्याला आवडो न आवडो. आणि माझ्याच नणंदेला, सापडलं नाही म्हणू? आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. आता तू आईंसाठी रडत बसलीस, ते मला बघवेना.

मी तो वाचलेला नाही. मागवलाही नाही. जमा करण्याआधी तो वाचायचा की नाही, हे तू ठरव. पण तो आहे.

तुझी वहिनी

८ मार्च

वहिनी,

आई बरी आहे हे वाचलं आणि मी मोठ्यानं हसले, एकटीच. मग खालच्या बाईंना ऐकू जाईल असं रडले.

आणि मग तुझा राग आला. माझ्यावर माया होती तर सांगायचं होतंस त्याच दिवशी. नाहीतर मग कधीच सांगायचं नव्हतंस. जमा करायला तीन आठवडे असताना सांगतेस? दादाचं तरी ऐकायचंस. लोक म्हणतात भावजय ती भावजयच, मी आजवर सगळ्यांशी भांडत आले, की माझी वहिनी तशी नाही.

मी जिथे जाते तिथे आधीच कुणीतरी जाऊन आलेलं असतं. माझं असं काहीच नाही का? एकही गोष्ट?

मला काही पाठवू नकोस. पत्रसुद्धा नको.

२२ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र नको म्हटलं आणि तू खरंच पाठवलं नाहीस. रोज पेटी उघडून बघत होते आणि रिकामी दिसली की तुझाच राग यायचा. मागच्या पत्रात भावजयीबद्दल जे लिहिलं, ते वाक्य कात्रीनं कापून टाक. खरंच काप. मला लाज वाटते.

काय झालं ते सांगते. चार दिवस मी कशालाही हात लावला नाही. मग पाचव्या दिवशी म्हटलं, तू बादल्या लावत असताना आलेली ती नोंद मला कधीच का आली नाही? तेच शब्द तर मीही टाकले होते. शब्द टाकले, दाबलं, आणि हात मांडीखाली घेऊन बसले. हो, अक्षरशः हातांवर बसले. चार मोठ्या ग्रंथालयांचं आलं. बोटं वळवळायला लागली. तेव्हा तळाची ती फिकट ओळ दिसली मला. इतके महिने ती तिथेच होती. मी तिच्याकडे बघत बसले. खालच्या मजल्यावर कुणीतरी गाद्या झोडपत होतं. उठावंसं वाटलं, पाणी प्यावंसं वाटलं, शब्द बदलावासा वाटला. नाही उठले. आणि ती नोंद आली, शेवटी, सगळ्यांच्या खाली.

वहिनी, ती दर वेळी निघालेली असणार गं. मी दर वेळी तिला अर्ध्या वाटेवरून परत पाठवत होते. तू मला सरळ शब्दांत लिहिलं होतंस, आणि मी तेही अर्धंच वाचलं.

त्या संस्थेला फोन केला, त्यांनी दोन दिवसांत प्रत पाठवली. वाचायला घेताना असं वाटत होतं, की कुणाच्या घरात चोरून शिरतेय. एका बैठकीत वाचून काढला. चांगलं काम आहे. चांगलं काय, फार चांगलं आहे. धागा तुटल्याची खूण, मुकादम आल्याची खूण, दुसऱ्या रांगेतल्या बाईला विनोद सांगायची पद्धत, सगळं तिनं उभं राहून टिपलंय. माझ्या दोन गोष्टी तिनं माझ्याआधी म्हणून ठेवल्यात, आणि माझ्यापेक्षा नीट म्हणून ठेवल्यात. त्या तिच्या नावावर लिहाव्या लागतील. मन खट्टू झालं, खोटं कशाला सांगू.

पण शेवटचं पान ऐक. तिनं लिहिलंय, "ही भाषा या स्त्रियांसोबत घरी जाते की शेडच्या दाराशीच थांबते, हे मला पाहायचं होतं. पण मला कुणी घरी नेलं नाही. ते काम राहून गेलं. पुढे कुणीतरी करावं."

ते पान मी दोनदा मोठ्यानं वाचलं. घरं ती माझ्यासाठी ठेवून गेली होती, वहिनी. आणि मी तिला घाबरत होते!

पेन्सिलीतलं वाक्य खोडलं. सर भयंकर चिडले. "आठ-दहा दिवस राहिले असताना पाया उकरताय?" म्हणाले. मी म्हटलं, सर, खाली आधीच दगड होते, मला आत्ता दिसले. पहिलं प्रकरण पुन्हा लिहितेय, मार्चअखेर काही जमत नाही. प्रबंध पुढच्या सत्रावर गेला. नवे गाइड, नवी तोंडं, आणि दिवसभर कॉलेजात तास. परवडलं.

त्या बाईंचा पत्ता संस्थेकडे मागितला. त्यांनी जुना पत्ता दिला, तिथे पत्र टाकलंय. उत्तर नाही अजून. दुसरं पत्र टाकलेलं नाही, बघ!

आईला विचारशील का? तिच्या शेडमध्ये कुणी मुलगी येऊन वहीत लिहायची, तिला आठवतंय का?

तुझीच भिंगरी

४ एप्रिल

प्रिय भिंगरी,

कात्री घेतली नाही. ते वाक्य ठेवलंय मी. पुढच्या भांडणात उपयोगी पडेल.

तुझं पत्र आईंना दिलं. पहिल्यांदा चष्मा शोधला, मग मला सांगितलं की दार लावून घे, आणि वाचायला बसल्या. शेवटच्या पानाशी थांबल्या. मग मोठ्यानं, त्या बोलतात तशा, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "ती चष्मेवाली? ती होय!"

आठवतंय म्हणजे काय, सगळं आठवतंय. पहिल्या दिवशी तिनं कानावर हात दाबले, म्हणून आईंनी तिला कापसाचे बोळे करून दिले होते. ती त्यांच्याच मागाशी उभी राहायची, कारण आई तिच्यासाठी खुणा सावकाश करायच्या. स्वभावानं चांगली होती म्हणाल्या पोरगी, पण वाळकी, वाऱ्यानं उडेल अशी. आणि मग सांगितलं, की एका दिवशी शिफ्ट सुटताना तिनं विचारलं होतं, मी तुमच्या घरी येऊ का? आणि आईंनी हात हलवून नाही म्हटलं होतं.

मी विचारलं, का हो आई?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी वेड्यासारखं विचारलं. "का म्हणजे? घरात ही होती ना! नुकती चालायला लागलेली. भांडी खाली, पीठ खाली, कंदील तेवढा कसाबसा वर टांगलेला. एक क्षण बूड टेकत नव्हती. पाहुणीला बसवू कुठे?"

म्हणजे भिंगरी, तिचं प्रकरण राहिलं ते तुझ्या पायी. आणि शेवटी लिहिलंस तूच. आम्ही दोघी हसत सुटलो. दादा बाहेरून येऊन काय झालं विचारत राहिला. मग हसता हसता आईंचे डोळे भरून आले, माझेही. त्यांनी पदरानं पुसले आणि कागद आण म्हणाल्या. त्या सांगत गेल्या आणि मी लिहून घेतलं. सोबत वेगळी चिठ्ठी आहे, ती उघडू नकोस. त्या बाईंचं उत्तर आलं की त्यांना पाठव. आलं नाही तर थांब. आता जमतं तुला.

चिठ्ठी उघडू नकोस म्हटलं म्हणजे तू उघडणारच, हे आम्हा दोघींना ठाऊक आहे. म्हणून आईंच्या परवानगीनं इथेच सांगते. त्यात एवढंच आहे:

"तेव्हा नाही म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस. आता घरी ये. पोरगी आता एका जागी बसते."

तुझी वहिनी